डोंगरावरचं तळं, सहा वर्षांचं पोरगं आणि सासूबाईंचे गुडघे: गाविलगड जमेल का?

पऱ्हाटी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. विहिरीत पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी शहानूर धरणावरून नळाला येतं. माझा मुलगा पहिलीत आहे. परवा त्याने बाबांच्या मोबाइलवर कुठल्या तरी डोंगरावरच्या तळ्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून एकच धोशा लावला आहे: "आई, डोंगरावरचं पाणी खाली कावून नाई सांडत?" मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत नेऊनच दाखवावं.

अट एवढीच की चालत जायचं. गाडी थेट काठाशी उभी करून सेल्फी काढायचा आणि परत फिरायचं, असं नको. पण चाल लहान हवी. सोबत सासूबाई आहेत (वय ६६, डावा गुडघा दुखतो, पण घरी बसायला तयार नाहीत) आणि दहा वर्षांची पुतणी. चिखलदऱ्याला गाविलगड किल्ल्यात तळी आहेत असं ऐकलं आहे. लहान लेकरं आणि वयस्क माणसं घेऊन कोणी गेलं आहे का? सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का?

ठेचाभाकर | रात्री ९:५८

जमते. बिनधास्त जा.

अकोटची_सून | रात्री १०:१५

ताई, गाविलगडाऐवजी नरनाळा किल्ल्याचा विचार करा. अकोटहून जवळ आहे. शहानूरच्या नाक्यावर वन विभागाकडे नोंद करून वर जायचं. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. वर शक्कर तलाव आहे, राणी महाल आहे, आणि महाकाली दरवाजा तर डोळे भरून पाहण्यासारखा. त्यावरचं कोरीवकाम आणि अक्षरं पाहायला मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तीन वेळा गेले. तुमच्या नळाचं पाणी ज्या शहानूर नदीचं, ती त्याच डोंगरातून येते. पोराला दाखवायला याहून चांगलं काय?

पऱ्हाटी | रात्री १०:३१

शहानूरचं तुम्ही आठवण करून दिलंत ते फार बरं झालं. पण गाडी वरपर्यंत जाते म्हणता, तिथेच माझं अडतं. त्याला चालू द्यायचं आहे. दमला की पाण्याची किंमत कळेल, असं सासूबाई म्हणतात.

ठेचाभाकर | रात्री १०:३३

सासूबाई बरोबर बोलून रायल्या.

पायवाट | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मी गेली पंधरा वर्षं दरवर्षी गाविलगडला जातो. दोनदा माझ्या ७० वर्षांच्या आईला घेऊन गेलो. सविस्तर लिहितो.

अमरावती-परतवाडा रस्ता सपाट. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि पोरांच्या पोटात कालवाकालव सुरू होते. त्या दिवशी सकाळी दूध देऊ नका. कोरडी दशमी किंवा चार मुरमुरे द्या, पुढच्या सीटवर बसवा, काच उघडी ठेवा, हातात आवळासुपारी. चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर आहे, पण ती सगळी चढण गाडी चढते. चिखलदऱ्याच्या पठारावरून किल्ल्याकडे जाताना फार चढ नाही, म्हणूनच आजीआजोबांना तो जमतो. खालून, दक्षिणेकडून, आपल्या वऱ्हाडातून वर पाहिलं तर नुसता कडा दिसतो. तिकडून येऊ म्हटलं तर पोरंबाळं सोडाच, आपलीही छाती फुटेल.

किल्ल्यात शिरल्यावर दगडी वाट आहे. काही ठिकाणी दगड सुटलेत, आणि उतारावर सकाळी दव असलं की पाय घसरतो. दिल्ली दरवाजाशी थांबा. कमानीवर सिंह कोरले आहेत, त्यांच्या पंजाखाली हत्ती आहेत, आणि दोन डोक्यांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. लेकरांना सांगा, "हत्ती किती ते मोजून सांगा." तेवढ्यात मोठ्यांचा दम खाऊन होतो. तिथून पुढे मातीची वाट, दोन्हीकडे रायमुनिया आणि छातीएवढं गवत. देव तलावापर्यंत लेकरांच्या पावलानं पाऊण-एक तास धरा. आईला आम्हाला सव्वा तास लागला. घाई केली नाही.

दिवाळीनंतर गेलात तर तळं भरलेलं असतं आणि ऊन सोसतं. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली जातं. पावसाळ्यात धुकं एवढं दाट की तळ्याच्या काठावर उभं राहूनही तळं दिसत नाही.

सिपनाकाठ | सकाळी ७:२२

मी मेळघाटातलाच, कोरकू. पायवाट भाऊंनी सगळं बरोबर लिहिलं, पण दोन-तीन गोष्टी राहिल्या.

एक, किल्ल्यात गावातलाच कोणी सोबत घ्या. आतल्या वाटा गवतात हरवतात, फाटे फुटतात. आमच्या पोरांना दोन पैसे मिळतात आणि तुम्हाला झाडांची नावं कळतात. दोन, उन्हं कलायच्या आत बाहेर पडा. अस्वल संध्याकाळी हिंडायला निघतं, बिबट्याही आहे. नोव्हेंबरात साडेपाचलाच अंधारून येतं, म्हणून चारला दरवाजाबाहेर. तीन, मोबाइलवर गाणी लावून जाऊ नका. कमानींना आणि कड्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं. अत्तर, धूर, दगड, आरडाओरड यातल्या कशानेही ते उठतं. उठलं तर हात झटकायचे नाहीत. डोकं-तोंड कपड्यानं झाकायचं आणि लेकराला पोटाशी धरून लांब निघून जायचं.

आणि हो, सिपना नदीचं नाव ऐकलं असेल. आमच्या भाषेत सिपना म्हणजे साग. तेवढं पोराला सांगा.

पऱ्हाटी | सकाळी ७:४५

दादा, खूप आभार. आग्या मोहोळाचं मनात आलंच नव्हतं. तुमच्यापैकी कोणी तेव्हा चिखलदऱ्यात असेल तर त्यालाच सोबत घेऊ.

नागपुरी_संत्रं | सकाळी ११:०५

एवढा खटाटोप कशाला? चिखलदऱ्यातच शक्कर तलाव आहे. बगीचा आहे, नावेत बसता येतं, भुट्टा मिळतो. पोट्टे खूश. किल्ल्यात सावली कमी, दुकान नाही, संडासची सोय नाही. आजींना कशाला त्रास?

पायवाट | सकाळी ११:४०

संत्रं भाऊ, संडासचं म्हणता ते अगदी खरं. म्हणून चिखलदऱ्यात सगळं उरकूनच निघायचं. बाकी पटत नाही. नावेत बसलेलं पोरगं तळ्याकडे पाहत नाही, नावेकडे पाहतं. त्याच्या आईला ते नको आहे.

आजीची_पिशवी | दुपारी १:१०

मी ६८ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षी नातवंडांबरोबर गेले होते. "आजींना कशाला त्रास" असं म्हणणाऱ्यांना सांगते, विचारा तरी आजीला. चढताना मला काहीच झालं नाही. उतरताना गुडघा बोलतो. काठी दोन घ्या, एक नको. पाय सरळ खाली टाकू नका, जरा तिरपं उतरा. पायात कॅनव्हासचे बूट, चप्पल नको. मोजे जाड आणि जुने, कारण कुसळं. घरी येऊन मी आणि सूनबाई रात्री दहा वाजेपर्यंत मोज्यांतली कुसळं उपटत बसलो होतो. प्रत्येकाला वेगळं धरून ओढावं लागतं, नाहीतर टोक आत राहतं आणि दुसऱ्या दिवशी टोचतं.

तळ्याच्या काठी बसून झुणका-भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. त्या जागेची चव घरी येत नाही.

गावठाण | दुपारी २:३५

कुसळाचं सोपं. खाजकुयरीचं कोणी बोललंच नाही. पावसाळा संपला की वेलीवर तपकिरी, मखमली शेंगा लटकतात. लेकरांना त्या मऊ दिसतात आणि ते हात लावतात. माझ्या लेकीनं लावला होता. अर्धा तास पोर रडत होती. आम्ही पाण्यानं खसाखसा चोळलं, तेच चुकलं, शेंगेवरची बारीक लव आणखी पसरली. तिथल्या एका गुराख्यानं सांगितलं, चोळू नका. मग चिकटपट्टी लावून-काढून सगळी लव उचलली, तेव्हा कुठे ती शांत झाली. चिकटपट्टीचा एक रोल पिशवीत टाकाच. निघताना सगळ्यांना ती शेंग लांबून दाखवा.

दगडधोंडे | रात्री ८:२०

मूळ प्रश्न राहूनच गेला: डोंगरावरचं पाणी खाली का सांडत नाही? मी भूगोल शिकवतो, जमेल तसं सांगतो.

गाविलगडचे डोंगर काळ्या बेसाल्टचे. लाव्हा थरांवर थर येऊन बसला, तोच हा दगड. यातला घट्ट थर पाणी सहज झिरपू देत नाही. पठारावर जिथे नैसर्गिक खोलगट भाग असतो तिथे पावसाचं पाणी येऊन थांबतं. किल्ला बांधणाऱ्यांनी ते ओळखलं. तटासाठी दगड हवा होता आणि शिबंदीला, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेला, पाणीही हवं होतं. म्हणून जिथून दगड काढला तिथेच पाणी साठू दिलं आणि उताराच्या बाजूला बांध घातला. जिकडून पाणी सांडलं असतं तिकडेच भिंत. ताई, मुलाला तळ्याच्या काठाकाठानं चालवा आणि विचारा, "खाली जायची वाट कुठे आहे?" त्याची त्यालाच ती बाजू सापडेल.

आणखी एक. हा डोंगर म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. वैराटच्या माथ्यावर, म्हणजे या रांगेतल्या सर्वांत उंच जागी, उत्तरेला पडलेला थेंब सिपनेतून तापीला जातो. दक्षिणेला पडलेला थेंब चंद्रभागेत, चंद्रभागा पूर्णेत, आणि पूर्णा शेवटी चांगदेवला तापीतच मिळते. दोन भावंडं वेगळ्या वाटेनं निघून एकाच घरी पोचतात. तुमच्या दर्यापुरातून वाहते ती चंद्रभागा याच डोंगरातली.

पऱ्हाटी | रात्री ८:५०

सर, हे मी त्याला आत्ताच वाचून दाखवलं. "म्हणजे आपली नदी तिथून येते?" म्हणाला. आमची चंद्रभागा हिवाळ्यानंतर जवळपास कोरडीच असते, त्यामुळे नदी कुठून तरी येते हेच त्याला नवीन आहे.

इतिहासाचं_वेड | रात्री ९:३०

पायवाट यांनी "चिखलदऱ्याकडून फार चढ नाही" लिहिलं, त्याची एक बाजू सांगतो. १८०३ मध्ये इंग्रजांनी तेच हेरलं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, नंतर ते गाविलगडावर आले. दक्षिणेचा कडा चढणं शक्य नव्हतं. स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून मोठा वळसा घालून तोफा उत्तरेकडे ओढत नेल्या, तिथे वाट करता करता माणसं आणि जनावरं थकून गेली. १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह झाला. मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्यानेच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

आज आपण आजीला घेऊन ज्या बाजूनं जातो, ती हीच उत्तरेची बाजू. भिंतीजवळून जाताना एकदा थांबून बेनीसिंगाची आठवण काढावी, एवढीच विनंती.

नागपुरी_संत्रं | रात्री ९:४४

हे नव्हतं माहीत. माझं वरचं म्हणणं मागे घेतो. मीही जाईन.

पिंगळा | रात्री १०:०२

पक्षी पाहणाऱ्यांसाठी: मेळघाटात रानपिंगळा आहे, म्हणजे छोटं घुबड. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, तो नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही दिसला. दिवसाही बसलेला दिसतो, त्यामुळे लेकरांना दाखवायला सोपा. पण तो दिसण्यासाठी गप्प बसावं लागतं.

ठेचाभाकर | रात्री १०:०६

लेकरं गप्प बसवायची युक्ती सांगा मंग.

पिंगळा | रात्री १०:०९

दुर्बीण एकच न्या. पाळीपाळीनं द्या. ज्याची पाळी नसते तो आपोआप शांत बसून वाट पाहतो.

बुलडाण्याचा_बाप्पा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

तळंच पाहायचं तर आमच्या लोणारला या ना! जगभरातून लोक येतात. उल्का पडून झालेलं विवर, आत खारं पाणी, गोमुखाची गोड धार, दैत्यसूदनाचं मंदिर. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं.

आजीची_पिशवी | सकाळी ९:४०

लोणार सुंदरच. पण तिथे तळं खाली आहे. जाताना उतार आणि परत येताना चढ, तोही दुपारच्या उन्हात. दमलेल्या माणसाला शेवटी चढ लागला की जीव नकोसा होतो. आणि खाऱ्या पाण्याला कंटाळलेल्या दर्यापूरकरांना पुन्हा खारं पाणीच दाखवायचं का? त्यांना गोडं दाखवू द्या.

बुलडाण्याचा_बाप्पा | सकाळी ९:४८

आजी, हे मान्य. लोणार पुढच्या वर्षी.

कडुनिंब | सकाळी ११:३०

मला जरा कडू बोलायचं आहे. असे धागे वाचून लोक जातात आणि तळ्याची वाट लावतात. मी मागच्या श्रावणात गेलो तर काठावर पत्रावळ्या, पुड्या, बाटल्यांच्या काचा. एक टोळकं पाण्यात उतरून साबण लावत होतं. कोणाला काही बोललं की अंगावर येतात. जागांची नावं अशी उघड लिहू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सिपनाकाठ | दुपारी १२:२०

कडुनिंब भाऊ, दुःख खरं आहे. त्या पाण्यावर आमची गुरं येतात, जंगलातली जनावरंही येतात. काचेनं गायीचा खूर कापलेला मी पाहिला आहे. पण नाव लपवून होणार नाही. चिखलदऱ्याला लोक येतच राहणार, आमच्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. लहानपणी नीट पाहिलेलं पोरगं मोठं झाल्यावर काच फोडत नाही, असा माझा भरवसा आहे. या ताईंसारखे लोक जास्त यावेत.

कडुनिंब | दुपारी १२:४१

तुमचं म्हणणं आहे म्हणून ऐकतो. पण एक तरी पिशवी भरून कचरा खाली आणा.

अकोटची_सून | दुपारी १:०५

अमरावतीहून येताना वाटेत वलगाव लागतं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला तिथेच, पेढी नदीजवळ देह ठेवला. आमच्या घरी रिवाज आहे, त्या बाजूनं डोंगराकडे निघालं की वलगावला गाडी थांबवून हात जोडायचे आणि परत येताना एक पिशवी कचऱ्याची आणायची. ताई दर्यापूरहून येणार, त्यांना वलगाव वाटेत नाही, पण पिशवी आणता येईल. आणि बाबांचा जन्म शेंडगावचा, ते तर त्यांच्या शेजारचंच.

पऱ्हाटी | दुपारी १:३०

आणू. शब्द देते.

सातपुड्याची_लेक | रात्री ८:१०

पाण्याबद्दल सगळं बोललात, काठाबद्दल बोला. तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरून दगड कोरडा दिसतो, पण पाण्याला लागून जी हिरवी पट्टी असते तिच्यावर पाय पडला की माणूस गेलाच. माझे यजमान तिथेच घसरले, घोटा सुजून भोपळा झाला, आणि परत येईपर्यंत तीन तास गेले. पोरांना काठापासून दोन हात लांब बसवा. पाण्यात खडा टाकायचा हट्ट धरतील, तेव्हा मनगट धरून ठेवा, बोट नाही. बोट सुटतं.

पऱ्हाटी | २० नोव्हेंबर, रात्री ९:१५

जाऊन आलो! उशिरा लिहिते आहे, शेतात कापसाचा वेचा सुरू होता.

पहाटे साडेचारला निघालो. घाटात पोरगं एकदाच म्हणालं "पोटात कसंतरी", आवळासुपारीनं निभावलं. चिखलदऱ्याला साडेसातला. कमालीची थंडी, सासूबाईंनी दोन शाली गुंडाळल्या. सिपनाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे तिथला एक मुलगा सोबत घेतला. त्यानं निघायच्या आधीच खाजकुयरीची शेंग लांबून काठीनं दाखवली. दिल्ली दरवाजाशी पुतणी आणि पोरगा हत्ती मोजून भांडले, दोघांचे आकडे वेगळे. सासूबाई तेवढ्यात पायरीवर बसून दम खात होत्या आणि म्हणाल्या, "भांडू द्या, मले बसाले भेटून रायलं."

तळ्याशी पोचायला आम्हाला सव्वा तास लागला, म्हणजे पायवाट भाऊंच्या आईंएवढाच. पाणी जवळजवळ काठोकाठ. वारा नव्हता. पोरगं काही वेळ बोललंच नाही. मग दगडधोंडे सरांनी सांगितल्याप्रमाणे मी विचारलं, "खाली जायची वाट कुठे आहे?" तो काठाकाठानं चालत गेला, मी मनगट धरून मागे. एका बाजूला थांबला. तिथे दगड दगडावर रचलेले, मधल्या फटीतून ओल झिरपत होती आणि तिथेच एवढंसं हिरवं गवत उगवलं होतं. त्यानं बोट लावलं, ओलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "आई, थोडंसं सांडून रायलं." मला त्याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

भाकर तिथेच खाल्ली. शेकोटी नाही, गाणी नाही. कडुनिंब भाऊ, दीड पिशवी कचरा खाली आणला, त्यात अर्ध्याहून जास्त बाटल्याच. काचा वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. दुपारी दोनला आम्ही दरवाजाबाहेर होतो. उतरताना गुडघा बोलला, पण दोन काठ्यांनी भागलं. वर चिखलदऱ्यात सगळ्यांनी रबडी खाल्ली आणि पिंगळा यांचा रानपिंगळा काही दिसला नाही.

दर्यापूरला पुलावरून येताना पोरगं उठून बसलं. खाली चंद्रभागेत जेमतेम एक धार होती. "हे पाणी आपल्या ओळखीचं हाय," म्हणालं आणि पुन्हा झोपलं.

आजीची_पिशवी | रात्री ९:३२

वाचून डोळे भरून आले गं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मोज्यांतली कुसळं काढली का?

पऱ्हाटी | रात्री ९:४०

काढली. अकरा वाजले. सासूबाईंनी सगळ्यांची काढली.

कडुनिंब | रात्री ९:५५

दीड पिशवी. मी डिसेंबरात जातो आहे, माझी एक पिशवी नक्की. अजून कोण येतं?

नागपुरी_संत्रं | रात्री १०:०१

मी. पोट्टे घेऊन. वेळ आणि दिवस सांगा, गाडीत दोन जागा आहेत.

सिपनाकाठ | रात्री १०:१८

येताना पोती आणा, पिशव्या फाटतात. मी दरवाजाशी भेटतो, सकाळी आठला.